कॉम्पोझिट की पीव्हीसी? फळीचं टोक बघा

जुन्या डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्याच्या, तडकलेल्या, कुजलेल्या फळ्या काढून ‘प्लास्टिकच्या’ बसवायच्यात असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या प्लास्टिकच्या? उत्तर ठरलेलं: ‘त्याच हो, लाकडासारख्या दिसतात त्या.’ लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, कॉम्पोझिट आणि पीव्हीसी. एकीचे नियम दुसरीला लावले की पैसे वाया जातात.

कॉम्पोझिट तुमच्या ओळखीचं असेल. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, बहुधा पॉलिएथिलीन, ढोबळमानाने निम्मंनिम्मं. पीव्हीसीच्या फळीत भुसा नसतोच. आत बारीक बुडबुड्यांचं फेसाळ प्लास्टिक असतं, म्हणून ती उचलायला हलकी आणि सहसा महाग. रंग दोन्हींत हवे तेवढे मिळतात. उन्हात दोन्ही तापतात, गडद रंग जास्त. अनवाणी चालणाऱ्यांनी फिका घ्यावा, विषय संपला.

खरा घोळ वरच्या आवरणाने घातलाय. १९९०च्या दशकातल्या कॉम्पोझिट फळ्या उघड्याच असत. भुसा ओलावा घ्यायचा, काळे डाग पडायचे, रंग विटायचा. पुढे त्यांच्यावर प्लास्टिकचं पातळ आवरण चढवायला लागले. फळी सुधारली, पण ओळखू येईनाशी झाली. आता दोन्हींवर आवरण, दोन्हींवर लाकडाच्या रेषा, वरून हात फिरवून काही कळत नाही. तरी लोक वरूनच हात फिरवतात आणि ‘ही चांगली वाटतेय’ म्हणतात!

कापलेलं टोक बघा. तपकिरी, दाणेदार दिसलं तर कॉम्पोझिट. एकसारखं, फेसाळ दिसलं तर पीव्हीसी. तरीही शंका असेल तर तुकडा पाण्यात टाका: भरीव कॉम्पोझिट बहुधा बुडतं, फेसाळ पीव्हीसी तरंगतं. टोक बघताना फळी उलटीही करा. पुष्कळ कॉम्पोझिट फळ्यांना आवरण तीनच बाजूंनी असतं, पोट उघडं. शिवाय चारही बाजूंनी झाकलेली फळी तुम्ही मापाला कापलीत की तिथला गाभा उघडा पडतोच.

एरवी त्याने फारसं बिघडत नाही. पण डेक जमिनीला टेकलेला, खाली वारा नाही, माती कायम ओली, अशा ठिकाणी ओलावा त्या उघड्या भुशात शिरतो आणि फळी फुगू शकते. तिथे मी डोळे मिटून पीव्हीसी सांगतो. पोहण्याच्या तलावाच्या काठालाही तेच. डेक उंचावर असेल, खालून वारा खेळत असेल, तर आवरणवालं कॉम्पोझिट पुरेसं आहे. उगाच जास्त खर्च करू नये.

मग सगळीकडे पीव्हीसीच का नको? कारण ती पाणी पीत नसली तरी ऊन खाते. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. सुताराचा हात याच सवयीने चालतो. प्लास्टिकचं उलट: ते तापमानाने लांबीत वाढतं आणि आखडतं. पाच मीटरची फळी घ्या, तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक धरा. लाकूड लांबीत एक मिलिमीटरही हलणार नाही. कॉम्पोझिट साधारण ५-६ मिलिमीटर, पीव्हीसी ८-९. म्हणून दुपारच्या उन्हात मापून कापलेली फळी सकाळी तोकडी दिसते आणि सांध्यात फट पडते. मग ‘माल खराब’ अशी ओरड. माल ठीक असतो, चुकलेली असते मापाची वेळ.

टोकाला फट किती सोडायची हे बसवतानाच्या तापमानावर ठरतं. थंडीत बसवली तर जास्त फट, कारण फळी पुढे वाढणार आहे. उन्हाळ्यात कमी. कंपनीच्या माहितीपत्रकात याचं कोष्टक असतं. ते न वाचता ‘आम्ही वीस वर्षं डेक करतोय’ म्हणणाऱ्याकडे माझं लक्ष नसतं. वीस वर्षं लाकडाची असतील तर ती इथे उलट नडतात.

‘देखभालमुक्त’ या शब्दाची मला चीड आहे. तेल-पॉलिश लागत नाही, एवढंच खरं. फटींत पाला साचून ओला राहिला की त्याच्यावर बुरशी धरते, मग खाली पीव्हीसी असो नाहीतर कॉम्पोझिट. वर्षातून एकदोनदा साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासावंच लागतं.

आणि एक गोष्ट दोन्हींत सारखी, तरी रोज विसरली जाणारी. या फळ्या लाकडापेक्षा लवचिक, त्यांना खालून आधार कमी-कमी अंतरावर लागतो. तुळयांमधलं अंतर साधारण ४०० मिलिमीटर, फळ्या तिरप्या बसवायच्या असतील तर ३००. जुन्या जाड लाकडी फळ्यांखाली ६००चं अंतर असलं तर नवी फळी पायाखाली दबेल. अशा वेळी मध्ये जादा तुळया घालाव्याच लागतात.

त्याआधी एक करा: जुनी फळी उचलून खालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसा. तो सहज आत गेला तर कॉम्पोझिट की पीव्हीसी हा वाद तूर्त बाजूला ठेवा आणि आधी तुळई बदला.