पाकाची तार आणि घाटमाथ्यावरचे पाणी

पाककृतीत ‘डाळ मऊ होईपर्यंत शिजवावी’ किंवा ‘एकतारी पाक करावा’ असे वाचले, की नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या माणसाला प्रश्न पडतो : म्हणजे नेमकी किती मिनिटे, आणि आच किती? आकडा न देणे हा लिहिणाऱ्याचा आळस आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की सापडते.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. वर जाऊ तसा हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. कोकणच्या किनाऱ्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी साताऱ्यात ९८ च्या आसपास, तर महाबळेश्वरात ९५-९६ अंशांनाच उकळते. एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवली तरी पाणी त्याहून तापत नाही, वाढीव उष्णता वाफ होण्यातच खर्ची पडते. त्यामुळे उघड्या पातेल्यातली तीच तुरीची डाळ घाटमाथ्यावर शिजायला अधिक वेळ घेते, आणि किनाऱ्यावर लिहिलेली मिनिटे तिथे कामाची राहत नाहीत.

कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळपास तापते, म्हणून उंचीचा फरक तिथे फारसा जाणवत नाही. मात्र ‘तीन शिट्ट्या’ हे काही वेळेचे माप नव्हे. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, पण आतले तापमान त्यामुळे वाढत नाही. डाळ शिजते ती त्या तापमानात किती वेळ राहिली यावर. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून घड्याळ पाहणे अधिक भरवशाचे.

एवढे करूनही डाळ कचकचीत राहिली तर पाण्याकडे पाहावे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतील पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतात आणि ते विरघळत नाही. चिंच किंवा आमसुलाचा आंबटपणाही त्याला विरघळू देत नाही, म्हणून आमटीत आंबट घालायचे ते डाळ शिजल्यावरच. जुनी डाळ तर शिजायला नव्या डाळीपेक्षा जास्त वेळ घेतेच.

वाटीचा घोळ त्या मानाने सोपा आहे. चाळून हलके भरलेले आणि दाबून भरलेले पीठ एकाच वाटीत वेगवेगळ्या वजनाचे बसते. खडेमिठात पोकळी जास्त राहते, त्यामुळे चमचाभर खडेमीठ चमचाभर बारीक मिठापेक्षा वजनाला कमी भरते. तराजू असेल तर हा प्रश्न मिटतो.

पाकाचा मात्र मिटत नाही, आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. साखरेचा पाक उकळताना पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर उत्कलनबिंदूही चढतो. समुद्रसपाटीला एकतारी पाक सुमारे १०५ अंशांवर होतो, म्हणजे साध्या पाण्याच्या उकळीहून पाचेक अंश वर. महाबळेश्वरात तोच पाक १०० च्या आसपासच तयार होतो. तिथे पुस्तकातल्या १०५ अंशांची वाट पाहत बसले तर दरम्यान आणखी पाणी उडते, पाक पुढे जातो आणि रव्याचे लाडू दगडासारखे होतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब ताणून तार पाहणारी आजी तापमान मोजतच नव्हती. ती पाकाचा दाटपणा, म्हणजे त्यात किती पाणी उरले आहे, हे पाहत होती, आणि तो दाटपणा वाईत असो की महाबळेश्वरात, तोच लागतो.

तापमापक वापरायचाच असेल तर आधी आपल्या स्वयंपाकघरात साध्या पाण्याला उकळी आणून त्याचा आकडा टिपून ठेवावा, आणि पाक त्याहून पाच अंश वर गेला की गॅस बंद करावा.