देण्याची तारीख आणि बँकेचं शटर

३ डिसेंबरला गोव्यात, म्हापशात बँकांची शटरं खाली असतात. त्याच दिवशी पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्याला गेलात, तर रविवार नसला की तिथली शाखा नेहमीसारखी चालू. पेडण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका दुकानदार काकांनी म्हणूनच दोन्हीकडे खाती ठेवली आहेत. "सायबाच्या फेस्ताक हांव बांद्याक वतां," असं ते हसत सांगतात. म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला ते बांद्याला जातात.

"राष्ट्रीय बँक सुट्टी" हा शब्द आपण सर्रास वापरतो. प्रत्यक्षात देशभर हमखास बंद असे राष्ट्रीय दिवस तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सोडला, तर बाकीचा हिशेब राज्यागणिक बदलतो. रिझर्व्ह बँकेच्या यादीत पणजीचा रकाना मुंबईपेक्षा वेगळा दिसतो तो यामुळेच.

याचं मूळ १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आहे. चेक परत गेला की ज्याची आठवण होते, तोच हा कायदा. त्याच्या कलम २५ ला कारकुनांच्या विश्रांतीशी काही देणंघेणं नाही. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता: वचनचिठ्ठीची, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याच्या लेखी वचनाची, मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर पैसे कधी द्यायचे? उत्तर देणेकऱ्याला न आवडणारं आहे. सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. आपल्याला वाटतं सुट्टी आली की एक दिवस जास्त मिळाला. इथे तो उलट कमी होतो. आता सुट्टी कुठली हे ठरल्याशिवाय देणं कधीचं हे ठरत नाही, म्हणून कलमाखालीच खुलासा जोडला: सार्वजनिक सुट्टीत रविवार येतात, आणि सरकारने राजपत्रात जाहीर केलेले दिवस.

विलायतेत थोडं आधी असंच घडलं होतं. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी संतांचे तीसेक दिवस पाळायची. १८३४ मध्ये ते चारवर आले. १८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने तिथे बँक सुट्ट्यांचा कायदा झाला. संतांच्या दिवशी बँक बंद ठेवणं ही गोव्याची खासियत नाही, एवढं यावरून कळावं.

गोव्यात मात्र तेव्हा १८८१ चा कायदा पोचलाच नव्हता. इथली बँक म्हणजे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो, १८६८ पासूनची, आणि तिचा कारभार लिस्बनहून. पोर्तुगालच्या दिनदर्शिकेत १ डिसेंबर लाल अक्षरात होता, कारण १६४० मध्ये त्या दिवशी त्यांनी स्पेनची सत्ता झुगारली. स्वतःच्या सुटकेचा दिवस साजरा करणाऱ्यांनी गोव्याला मात्र सुटकेसाठी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबायला लावलं, हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. १९६२ च्या नियमनाने तो कायदा गोव्याला लागू झाला.

सुट्ट्या जाहीर करण्याचा केंद्राचा अधिकार १९५७ मध्येच राज्यांकडे सोपवला गेला होता. आज गोवा सरकार अधिसूचना काढतं. सरकारी कार्यालयांच्या सुट्ट्या आणि बँकांच्या सुट्ट्या या वेगळ्या याद्या असतात, हे ध्यानात न घेतल्याने बऱ्याच जणांची फेरी फुकट जाते. बँकांच्या यादीत ३ डिसेंबर आहे. १५५२ मध्ये याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर फ्रान्सिस झेवियर वारले, आणि फेस्ताला जुन्या गोव्यात गर्दी लोटते. १९ डिसेंबर आहे. आणि चवथ आहे, तीही दोन दिवस! महाराष्ट्रातल्या बँका गणेश चतुर्थीला एकच दिवस बंद. इथे दुसऱ्या दिवशीही शटर खाली, कारण कितीतरी घरांत दीड दिवसाचा गणपती त्या दिवशी पोचवायचा असतो.

शनिवारची गोष्ट अलीकडची. पूर्वी प्रत्येक शनिवारी बँक अर्धा दिवस चाले. मे २०१५ च्या बँक कर्मचाऱ्यांच्या वेतन करारात तडजोड झाली आणि १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार पूर्ण सुट्टी, उरलेले पूर्ण कामाचे. त्याचीही अधिसूचना याच जुन्या कायद्याखाली निघाली. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना दार बंद असतं, ती नोंद मात्र यादीत वेगळ्या सदरात दिसते.

दरम्यान पैसे पाठवायला दार उघडं असण्याची गरजच उरली नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा, हीही सगळे दिवस चालते. त्याआधी कर्जाचा हप्ता सुट्टीच्या दिवशी आला, तर तो पुढच्या कामाच्या दिवशी कापला जाई आणि खात्यात पैसे भरायला तेवढी उसंत मिळे. आता ३ डिसेंबरचा हप्ता ३ डिसेंबरलाच जातो, मग म्हापशाचं शटर खाली असो की बांद्याचं वर.