सॉरी, बेबी

‘सॉरी, बेबी’ हा २०२५ सालचा अमेरिकी स्वतंत्र चित्रपट. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका ईव्हा व्हिक्टर यांची. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातल्या एका आडगावच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणारी अ‍ॅग्नेस ही त्याची नायिका. विद्यार्थिदशेत असताना तिच्यावर तिचाच प्रबंध-मार्गदर्शक प्रेस्टन डेकर याने लैंगिक अत्याचार केला. त्यानंतरची काही वर्षे तिने कशी काढली, एवढेच चित्रपट सांगतो. विषय असा असूनही तो बऱ्याच ठिकाणी हसवतो.

कथानक सरळ कालक्रमाने जात नाही. प्रकरणांना वर्षांची नावे आहेत: बाळाचे वर्ष, वाईट गोष्टीचे वर्ष, प्रश्नांचे वर्ष, चांगल्या सँडविचचे वर्ष. सुरुवातीला अ‍ॅग्नेसची जिवलग मैत्रीण लिडी (नेओमी अ‍ॅकी) न्यूयॉर्कहून भेटायला येते आणि आपल्याला दिवस गेल्याचे सांगते. दोघींचा पाचकळपणा आणि एकमेकींची थट्टा यांची प्रेक्षकाला सवय झाल्यावरच कथा मागे जाते. या मांडणीमुळे अ‍ॅग्नेसची पहिली ओळख ‘पीडिता’ म्हणून होत नाही, आणि चित्रपटाचे निम्मे यश इथेच आहे.

अत्याचार पडद्यावर दिसत नाही. प्रबंधावर बोलायला अ‍ॅग्नेस डेकरच्या घरात जाते आणि कॅमेरा रस्त्यावरच थांबतो. घर उजेडात दिसते, मग संध्याकाळी, मग अंधारात. ती बाहेर येते आणि गाडी चालवत घरी जाते. काय झाले ते ती बाथटबमध्ये बसून लिडीला सांगते तेव्हाच आपल्याला कळते. सांगताना ती अडखळते, मधल्याच एखाद्या क्षुल्लक तपशिलापाशी रेंगाळते. लिडी मध्ये बोलत नाही.

इथून पुढचा विनोद कोणावर आहे, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशीचा डॉक्टर तिला, पुढच्या वेळी आंघोळ न करता थेट दवाखान्यात या, अशा थाटात सुनावतो आणि लिडी त्याची जागच्या जागी हजेरी घेते. विद्यापीठातल्या दोन अधिकारी स्त्रिया सहानुभूती दाखवतात, आपणही बायकाच आहोत याची आठवण करून देतात. पण डेकरने राजीनामा आधीच दिलेला असल्यामुळे आता काही करता येत नाही, असे सांगून मोकळ्या होतात. अंगावर आलेले प्रकरण झटकण्याची ही गोड भाषा कोणत्याही कचेरीत खेटे घातलेल्याला ओळखीची वाटेल. हसू येते ते या निगरगट्टपणाचे. जखमेची चेष्टा कुठेच नाही.

ज्यूरीसाठी, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, अ‍ॅग्नेसला न्यायालयातून बोलावणे आल्यावरचा प्रसंग त्याहून अवघड आहे. तू पोलिसांत का गेली नाहीस, या प्रश्नाला अ‍ॅग्नेसचे उत्तर असे, की त्याने असे वागणारा माणूस असणेच थांबवावे, ही तिची इच्छा आहे. तुरुंगात गेला तर तो तसाच माणूस राहील, फक्त तुरुंगात. सूडकथेची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे उत्तर पचायला जड जाते. डेकरला शिक्षा झालेली चित्रपट दाखवत नाही.

सावरणे इथे लहान लहान गोष्टींतून येते: रस्त्यात सापडलेले मांजरीचे पिल्लू, संकोची शेजारी गॅव्हिन (लुकास हेजेस), आणि पीट (जॉन कॅरल लिंच) हा सँडविचच्या दुकानाचा मालक. गाडीत बसल्या बसल्या अ‍ॅग्नेसचा जीव घाबरा होतो, तेव्हा हा दणकट, अनोळखी गृहस्थ तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगतो आणि मग शेजारी बसून सँडविच खाऊ घालतो. उपदेश जवळजवळ नाहीच. हा चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग म्हणावा लागेल.

विनोद हेच व्हिक्टर यांचे मूळ क्षेत्र. ‘रिडक्ट्रेस’ या उपहासात्मक संकेतस्थळासाठी त्यांनी लेखन केले, ट्विटरवरच्या त्यांच्या छोट्या विनोदी चित्रफिती गाजल्या. त्या पाहूनच दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स यांनी त्यांना लिहिण्यासाठी प्रोत्साहन दिले आणि पुढे जेंकिन्स यांची ‘पास्टेल’ ही संस्था निर्मितीत उतरली. पटकथा व्हिक्टर यांनी करोनाकाळात, मेन राज्यातल्या एका खोपटात हिवाळ्यात लिहिली. दिग्दर्शनाचा अनुभव नसल्यामुळे आधी दिग्दर्शक जेन शूनब्रन यांच्या चित्रीकरणावर हजर राहून त्यांनी काम पाहिले. ‘सॉरी, बेबी’चे चित्रीकरण मॅसॅच्युसेट्समध्ये झाले.

जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला खेळ झाला आणि पटकथेसाठीचा वॉल्डो सॉल्ट पुरस्कार मिळाला. वितरणाचे हक्क ‘ए२४’ या अमेरिकी चित्रपट कंपनीने सुमारे ८० लाख डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागाची सांगता याच चित्रपटाने झाली. अमेरिकेत तो जूनअखेर प्रदर्शित झाला. अभिनयासाठी व्हिक्टर यांना गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, तेही विनोदी चित्रपटांच्या नव्हे, नाट्यपटांच्या विभागात.