अण्णांच्या कॉम्प्युटरमधली १ जानेवारी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर माडीवर असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा घाईघाईनं वर नेला, तो वरच राहिला. अलीकडे त्याला एक खोड लागली आहे. सकाळी सुरू केला की तारीख दाखवतो १ जानेवारी २०१२. अण्णांनी ही खोड अंगवळणी पाडून घेतली आहे. भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख भरायची, मनगटावरचं घड्याळ बघून वेळ भरायची, मग कामाला लागायचं. "दुरुस्त करून घेऊ या का?" म्हटलं की म्हणतात, "चाललंय की. एवढ्यासाठी कशाला कुणाला बोलवायचं?"

कॅबिनेट उघडलं की मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा सेल दिसतो. त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. त्यात त्याचं मापच आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. आत लिथियम, दाब ३ व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं, हे याचं मुख्य काम. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का? तो १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. निम्मं करणारी सर्किटं बनवणं सोपं आणि स्वस्त, म्हणून मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा सापडतो. यासाठी लागणारी वीज अगदी किरकोळ, काही मायक्रोअँपिअर. ९ वॅटच्या एका बल्बच्या विजेत अशी लाखो घड्याळं चालतील.

मग आमचाच सेल लवकर का संपला? कारण आई. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेल, तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा देत राहतो. घड्याळ त्यावर चालतं आणि सेलवर भार पडत नाही. आई मात्र झोपण्यापूर्वी घरभर फिरून एकूण एक स्विच बंद करते. रात्रभर घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर. पण मी आईच्याच बाजूचा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की काय होतं ते आमच्या गल्लीतल्या दोन-तीन टीव्हींनी दाखवून दिलं आहे. मदरबोर्ड जाण्यापेक्षा चाळीस-पन्नास रुपयांचा सेल गेलेला परवडला.

अण्णा तारीख भरायला विसरले की लाइटबिलाची साइट उघडत नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी लाल सूचना येते आणि अण्णांना वाटतं, व्हायरस आला. तसं काही नसतं. प्रत्येक सुरक्षित साइट आपलं एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य' असं नोंदलेलं असतं. आपला कॉम्प्युटर २०१२ मध्ये बसलेला. त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो दार लावून घेतो. वागतो अगदी नियमाला धरून, फक्त साल चुकलेलं.

माडीवर पत्रा आहे. एप्रिलमध्ये तिथं माणूस बसवत नाही, तर प्रोसेसरचं, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या चिपचं, काय. साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास गेला की तो जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. अण्णा म्हणतात, "दुपारी हा पेंगतो." खरंच पेंगतो. त्यात गळीत हंगामात कारखान्यांची काजळी गच्चीवर पडते आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांत जाऊन बसते. वर्षातून एकदा मऊ ब्रशनं झटकली तरी फरक जाणवतो.

पावसाळ्यात कधी स्क्रीन काळी राहते आणि आतून नुसते बीप येतात. तेव्हा शेजारचा मुलगा येऊन रॅम, म्हणजे तात्पुरत्या मेमरीचं कार्ड, काढतो, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतो, परत बसवतो, आणि कॉम्प्युटर उठतो. सोनं गंजत नाही, पण दमट हवेत त्यावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तापण्या-निवण्यानं कार्ड खाचेत किंचित हलतं. माझ्या मते निम्मं श्रेय खोडरबराचं नाहीच. रॅम काढून पुन्हा दाबून बसवताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यानंच बरंच काम होतं.

एका आवाजाला मात्र 'चाललंय की' म्हणायचं नाही. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतरानं टक्‌ टक्‌ ऐकू आलं, की बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यायची. सेकंदाला ९० ते १२० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवरून वाचणारं टोक अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून सरकत असतं. आपला केस त्याच्या हजारो पट जाड.

परवा सेल बदलला. तारीख टिकली. अण्णांची दुसरी तक्रार प्रिंटरची होती: "रोज रात्री शट डाउन करतो, तरी हा छापत नाही." मी टास्क मॅनेजर उघडून 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, दाखवला. २३ दिवस. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ही गंमत आहे. लवकर सुरू व्हावं म्हणून शट डाउन करताना विंडोज आपला गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच, आतल्या गुंत्यासकट, परत उचलतं. आईनं स्विच बंद केला तरी गुंता सुटत नाही, कारण तो डिस्कवर असतो. खरी नव्यानं सुरुवात होते ती रीस्टार्टला.

रीस्टार्ट केलं. दोन मिनिटांनी प्रिंटर खडखडला आणि त्यानं लाइटबिलाच्या ओळीनं अकरा प्रती काढल्या. अण्णा रोज एकदा प्रिंटचं बटण दाबून बघत होते.