परदेशात जाऊन डॉक्टरकीची सेवा
परदेशातल्या दवाखान्यात काही आठवडे किंवा महिने, कमाईसाठी नाही तर सेवा म्हणून पेशंट बघणं म्हणजे मेडिकल व्हॉलंटियरिंग. आपल्याकडं हे नवीन नाही, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले.

आज ह्या कामात डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही मोठी संस्था आहे, १९७१ ला फ्रान्समध्ये सुरू झाली, १९९९ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. ती थोडंफार मानधन देते, तिकीट आणि विमाही बघते. बाकी बऱ्याच ठिकाणी खर्च स्वतःचाच. एमबीबीएस झालं म्हणजे कुठंही प्रॅक्टिस करता येते असं नाही, त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते, त्यासाठी आपल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टरची नोंदणी चालू आहे आणि त्याच्यावर कारवाई नाही असा दाखला, मागतात. आफ्रिकेत जायचं तर बऱ्याच देशांसाठी यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्यायची, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड परत येतानाही जवळ पाहिजे, नाहीतर इथं उतरल्यावर क्वारंटाईन.

मराठवाड्यातल्या आरोग्य केंद्रात ज्यानं एमओशिप, म्हणजे मेडिकल ऑफिसरची नोकरी केलीय, लाईट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात डिलिव्हरी केलीय, त्याला तिथलं बरंच काम ओळखीचं वाटेल. अंगणवाडीत लेकराच्या दंडाला लावतात ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी तिकडंही तीच, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की तीव्र कुपोषण. मग शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांची पेस्ट, पाकिटातूनच चाटवायची, पाणी मिसळायचं नाही त्यामुळं घाण पाण्याची भीती नाही, आई घरी नेऊन देऊ शकते म्हणून ॲडमिट करावं लागणारी लेकरं खूप कमी झाली.

पण सगळंच इथल्यासारखं नसतं, आणि हे नीट ध्यानात ठेवायला पाहिजे. कापसाच्या, तुरीच्या रानातून आलेला सर्पदंशाचा पेशंट आपल्याला पाठ असतो, पण आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारच सापांवर बनलेली, आफ्रिकेतल्या मांबाच्या किंवा तिथल्या घोणशीसारख्या सापांच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही, तिथली लस वेगळी. म्हणून पहिले काही दिवस तिथल्या सिस्टरकडून शिकायचे, तिथं कोणता ताप कोणत्या महिन्यात येतो हे तिलाच माहीत असतं.

माझ्या मते पंधरा दिवसांचा कॅम्प लावून धडाधड ऑपरेशनं करून परत यायचं, हे फार जोखमीचं आहे. जखम चिघळली तर बघणार कोण? त्यापेक्षा तिथल्याच दोन माणसांना एक काम नीट शिकवलेलं बरं. आणि निघायच्या आधी रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटसमोर लिहून ठेवायचं, कुणाचे टाके कधी काढायचे आणि ते कोण काढणार.