ताप टीबीचा की रक्ताच्या कॅन्सरचा?

समजा डिचोलीचा एक पन्नाशीतला माणूस आहे, महिनाभर रोज संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामाने बनियन भिजतं, वजन उतरलंय. घरच्यांना वाटतं पावसाळी ताप. मग सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी करतात तर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच खाली, वर प्लीहा वाढलेली. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसीत) बोन मॅरोसाठी, म्हणजे हाडातल्या मगजासाठी, सुई घालतात पण सिरिंजमध्ये काहीच येत नाही, कारण आत तंतूंचं जाळं झालेलं असतं, मग हाडाचा बारीक तुकडा काढून तपासतात आणि निघतो हेअरी सेल ल्युकेमिया.

हा दुर्मिळ, अगदी हळू वाढणारा कॅन्सर, सगळ्या ल्युकेमियांत साधारण 2 टक्के. 1958 मध्ये बर्था बुरॉन्कल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. पेशींच्या कडेला केसांसारखे धागे दिसतात म्हणून हे नाव.

यात मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात, आणि घोळ तिथेच आहे. टीबीचा जंतू आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. त्याला गप्प ठेवतात ते मोनोसाइटपासून बनणारे मॅक्रोफेज, ते जंतूभोवती जमून त्याला गाठीत कोंडून ठेवतात. गावच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसेच हे, आणि तेच कमी पडले की जंतू लिव्हर, मॅरो, लसिकाग्रंथी कुठेही पसरतो. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही कधी कधी क्लीन येतो, मग टीबीचं नाव कोणी काढत नाही आणि ताप कॅन्सरच्या खात्यात जातो. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण या ल्युकेमियात ताप आला की आधी इन्फेक्शनच शोधायचं असतं. काढलेल्या तुकड्याचा थोडा भाग टीबीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायला) आणि सीबीनॅटला (टीबीचा जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणारी चाचणी) गेला पाहिजे, घरच्यांनी हे सरळ विचारावं, डॉक्टर रागावत नाहीत.

दोन्ही एकत्र निघाले तर कॅन्सर हळू चालणारा असल्यामुळे बहुतेक वेळा थोडं थांबता येतं आणि टीबीच्या गोळ्या आधी सुरू होतात. क्लॅड्रिबिन हे नेहमीचं औषध कॅन्सर छान दाबतं, पण टी-पेशी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कित्येक महिने खाली ठेवतं, म्हणजे टीबीला रान मोकळं. वेमुराफेनिब म्हणून गोळी आहे, ती प्रतिकारशक्ती तेवढी पाडत नाही, पण टीबीचं रिफाम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम वाढवतं आणि या गोळीचं रक्तातलं प्रमाण बरंच कमी करतं, त्यामुळे छातीच्या आणि रक्ताच्या डॉक्टरांना एकत्र बसूनच औषधं ठरवावी लागतात.