हंसांचे दोन वाडे: नॉयश्वानस्टाइन कोणता, होएनश्वानगाउ कोणता?

म्युनिकला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचा तो फोटो पुढे येतोच. पांढरे मनोरे, खाली जंगल, मागे आल्प्स. "हा किल्ला दाखव." काका-काकू आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून दिवसभरासाठी गाडी आणि खासगी गाइड घेतला. दोनेक तासांनी गाडीतून उतरलो, तर गावाच्या पाटीवर 'होएनश्वानगाउ' आणि समोरच्या टेकडीवर हळदीच्या रंगाचा वाडा. काका गाइडकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "हा? फोटोत तर पांढरा होता."

पांढरा वरच्या कड्यावर होता, तो नॉयश्वानस्टाइन. हा पिवळा होएनश्वानगाउ. गावाचंही नाव तेच असल्याने अर्धा गोंधळ तिथेच होतो.

उरलेला अर्धा गोंधळ जुना आहे. 'श्वान' म्हणजे जर्मनमध्ये हंस (आपल्याकडचा श्वान नव्हे, काकूंनी दोनदा खात्री करून घेतली). श्वानगाउ म्हणजे हंसांचा परगणा, आणि श्वानस्टाइन म्हणजे हंसशिळा. मध्ययुगात इथे सरदारांच्या गढ्या होत्या. गंमत अशी की आज पांढरा वाडा उभा आहे त्या कड्यावर होएनश्वानगाउ नावाच्या दोन गढ्यांचे अवशेष होते, आणि पिवळा वाडा आहे तिथे श्वानस्टाइनची पडकी गढी. बव्हेरियाचा (म्युनिक ज्याची राजधानी, त्या राज्याचा) युवराज मॅक्सिमिलियन याने १८३२ मध्ये ही पडकी गढी विकत घेतली, नवी बांधली आणि नाव दिलं होएनश्वानगाउ. पुढे त्याचा मुलगा, राजा दुसरा लुडविग, याने १८६९ मध्ये समोरच्या कड्यावर पायाभरणी केली. तो त्या बांधकामाला 'नवं होएनश्वानगाउ' म्हणायचा. नॉयश्वानस्टाइन, म्हणजे नवं श्वानस्टाइन, हे नाव तो गेल्यावर पडलं. म्हणजे दोन टेकड्यांनी आपापली नावं चक्क बदलून घेतली.

आता 'किल्ला' या शब्दाबद्दल. किल्ला म्हटल्यावर आपल्याला बुरूज, तट, चोरदरवाजा, दारूकोठार आठवतं. या दोन्ही ठिकाणी लढाईसाठी काही बांधलेलंच नाही. मनोरे आहेत, पण ते शोभेचे. दोन्हींची पहिली चित्रं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या हातची आहेत. पिवळ्याचा आराखडा डोमेनिको क्वालिओचा, पांढऱ्याची रेखाटनं क्रिस्टियान यांकची. दोघेही रंगभूमीचे नेपथ्यकार. आपल्या भाषेत हे वाडे, फार तर राजवाडे. योगायोग असा की जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या ज्या अधिवेशनात रायगड, राजगड, प्रतापगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्याच अधिवेशनात लुडविगचे चार राजवाडेही यादीत गेले. त्यात नॉयश्वानस्टाइन आहे. होएनश्वानगाउ नाही, कारण तो बापाचा.

आत गेल्यावर फरक लगेच अंगावर येतो. पिवळ्या वाड्यात माणसं राहिल्याची ऊब आहे. लुडविगचं बालपण इथेच गेलं. भिंतीभर दंतकथा आणि इतिहासाची चित्रं आहेत, त्यांत हंसाच्या नावेतून येणारा वीरही आहे. ज्या पोराने रोज जेवताना ही चित्रं पाहिली, त्याने पुढे तसाच महाल बांधायला काढला यात नवल ते काय? त्याच्या शयनगृहाच्या छतावर रात्रीचं आकाश रंगवलंय, आणि त्यातल्या चांदण्या वरून दिवे लावून उजळायची सोय होती. खिडकीशी दुर्बीण. तिच्यातून तो समोरच्या कड्यावरचं बांधकाम किती सरकलं ते बघायचा. मला विचाराल तर हे दोन्ही वाडे समजून घ्यायचे असतील तर त्या दुर्बिणीपाशी पाच मिनिटं थांबावं.

पांढऱ्यात थक्क व्हायला होतं, पण तिथे कुणी नांदलंय असं वाटत नाही. लुडविग तिथे राहिला जेमतेम १७२ दिवस. दरबार सोन्याने लखलखतो, बिझँटिन मुकुटासारखं झुंबर लटकतं, पण सिंहासनाची जागा रिकामी. ते आलंच नाही. वरच्या अंगणात सुमारे ९० मीटर उंच मनोरा व्हायचा होता. त्याच्या पायाची आखणी आज फरशीत दिसते, लोक तिच्यावर उभे राहून सेल्फी काढतात. मध्ययुगाचा आव आणलेल्या या वाड्यात गरम हवेची तापयंत्रणा, मजल्या-मजल्यावर नळाचं पाणी आणि चक्क टेलिफोन आहे. जून १८८६ मध्ये राजाला वेडा ठरवून इथूनच नेलं. दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, तो श्टार्नबर्गच्या तलावात मृत सापडला, आणि १ ऑगस्टला वाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. त्याची आई समोरच्या पिवळ्या वाड्यात १८८९ पर्यंत हयात होती.

आता पैशांचा मुद्दा, कारण इथे आम्ही फसलो. खासगी गाइड दोन्ही वाड्यांच्या दारापर्यंतच. आत वाड्याचाच गाइड किंवा त्यांची ऑडिओ. आम्हाला बुकिंग करताना हे कोणी सांगितलं नव्हतं. आमचा गाइड बाहेर कॉफी पीत बसला आणि काका आत पुटपुटत होते, "याला कशाचे पैसे दिले?" तेव्हा त्याच्याकडून काढायचं ते रस्त्यात आणि बाहेर काढून घ्या: नावांचा घोळ, बाप-लेकाचं न पटणं, आल्पसे तलावाच्या काठावरची चक्कर. दोन्हींची तिकिटं वेगळी, तिकिटावर वेळ छापलेली, वेळ चुकली की तिकीट गेलं. दोन्हींत दोन-अडीच तासांचं अंतर ठेवा. पिवळा पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर, पांढरा पाऊण तासाच्या. घोडागाडी मिळते, पण दारापर्यंत नाही. शेवटचा चढ पायीच, आणि आत जिने आहेतच. मोबाइलवरचा तो खास कोन मारियनब्रुकं या पुलावरून मिळतो, त्याला तिकीट नाही. बर्फ पडलं की मात्र पूल बंद.

गुडघे कुरकुरत असतील तर मी फक्त पिवळा घ्यावा म्हणेन. पांढरा खालून बघावा, तसाही तो बाहेरूनच जास्त देखणा.

परतताना काकूंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर पिवळ्या वाड्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'नॉयश्वानस्टाइन'. काका चूक दाखवायला सरसावले. गाडी चालवता चालवता गाइडने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तो हसून म्हणाला, राहू द्या, श्वानस्टाइन मुळात त्याच टेकडीवर होतं.